बुडालेल्या बोटींवरील माणसे : महायुद्धकाळातील खलाशांच्या नोंदी कोठे शोधाव्यात?

मुंबईहून २० नोव्हेंबर १९४२ रोजी पूर्व आफ्रिकेकडे निघालेली ‘तिलावा’ ही ब्रिटिश इंडिया कंपनीची आगबोट २३ नोव्हेंबरच्या पहाटे हिंदी महासागरात बुडाली. ‘आय-२९’ या जपानी पाणबुडीने तिच्यावर एकापाठोपाठ दोन पाणतीर सोडले होते. बोटीवर ९५८ माणसे होती. त्यांपैकी २८० मरण पावली. २५२ प्रवासी आणि २८ बोटीवरचे कर्मचारी. वाचलेल्यांपैकी बहुतेकांना ‘बर्मिंगहॅम’ या ब्रिटिश युद्धनौकेने समुद्रातून उचलले आणि २७ नोव्हेंबरला मुंबईत आणून सोडले.

याच बोटीच्या तळघरात दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळीसाठी निघालेली सुमारे ६० टन चांदी होती. २०१७ मध्ये एका कंपनीने सुमारे अडीच किलोमीटर खोलीवरून त्यांतील २,३६४ विटा वर काढल्या. त्यांच्यावर हक्क कोणाचा, हा वाद लंडनच्या न्यायालयांत काही वर्षे चालला आणि मे २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने कौल दिला. चांदीचे कागद ऐंशी वर्षांनंतरही सापडले, वाचले गेले, पुरावा म्हणून मांडले गेले. माणसांचे कागदही आहेत. ते मात्र अनेक ठिकाणी विखुरलेले आहेत आणि ते वाचण्याची रीत ठाऊक नसेल तर हाती फारसे काही लागत नाही.

कोकणात आणि गोव्यात ‘आजोबा बोटीवर होते, लढाईत गेले ते परत आलेच नाहीत’ एवढ्या एका वाक्यावर थांबलेला कुटुंबाचा इतिहास पुष्कळ घरांत ऐकू येतो. बोटीचे नाव अर्धवट आठवते, साल आठवत नाही, तारेचा कागद केव्हाच हरवलेला असतो. अशा घरांतून आता नातवंडे-पतवंडे चौकशी करू लागली आहेत.

खलाशी कोण होते?

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटिश व्यापारी जहाजांवर पन्नास हजारांच्या आसपास भारतीय खलाशी काम करीत होते. त्या ताफ्यातील साधारणपणे दर चौथा माणूस हिंदुस्थानातला होता. इतिहासकारांच्या पुस्तकांतून येणाऱ्या आकड्यांनुसार या युद्धात सुमारे ६,६०० भारतीय खलाशी मरण पावले, १,०२२ जखमी झाले आणि १,२१७ शत्रूच्या कैदेत पडले. पहिल्या महायुद्धातील मृतांचा आकडा ३,४२७ असा दिला जातो.

मुंबई बंदरातून भरती होणाऱ्यांची विभागणी जवळपास ठरलेली असे. पी अँड ओ सारख्या कंपन्यांच्या बोटींवर डेकवरचे काम बहुधा रत्नागिरीकडच्या माणसांकडे, इंजिनाचे व कोळशाचे काम पंजाबी आणि पठाणांकडे, तर स्वयंपाकघर व प्रवाशांची सेवा गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींकडे. डेकवर सारंग हा मुख्य, त्याच्या हाताखाली तांडेल, भांडाराचा कसाब, सुकाणू धरणारा सुकाणी, मग साधे खलाशी. खाली इंजिनघरात आगवाला आणि तेलवाला. भंडारी स्वयंपाक करी, टोपास झाडलोट करी. इंग्रज कारकुनांनी हे सर्व शब्द आपापल्या कानांप्रमाणे लिहिले आहेत. जुनी यादी वाचताना हे हुद्दे ओळखता आले तर मोठा उपयोग होतो. नावे सारखी असली तरी तेलवाला आणि सुकाणी ही माणसे वेगळी ठरवता येतात.

भरती मुख्यतः सारंगाच्या हातात होती. तो आपल्या गावातली, आपल्या नात्यातली माणसे घेई. नोकरी मिळवण्यासाठी त्याला आणि मधल्या दलालांना पैसे मोजावे लागत. या पद्धतीवर भारत सेवक समाजाचे दिनकर देसाई यांनी ‘मेरिटाइम लेबर इन इंडिया’ या १९४० मध्ये मुंबईत प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी पुस्तकात कडक टीका केली होती. खलाशांची बाजू समजून घ्यायची असेल तर हे पुस्तक आजही वाचावे असे आहे. माणसाचा माग काढणाऱ्याला मात्र या वाईट पद्धतीचा एक फायदा होतो. एका बोटीवर एका गावची माणसे सापडतात. आजोबांचे नाव यादीत ओळखू येत नसेल, तर गावातील दुसऱ्या घरातील हरवलेल्या माणसाचे, किंवा गावच्या सारंगाचे नाव शोधावे. त्याच पानावर, दोन ओळी वर किंवा खाली, आपला माणूस असण्याची शक्यता बरीच असते. एक बोट बुडाली की एकाच वाडीतील चार-सहा घरे एकदम उघडी पडत, त्याचेही कारण हेच.

आधी बोट, मग माणूस

शोधाची सुरुवात माणसाच्या नावापासून करण्याचा मोह होतो. तो टाळावा. व्यापारी जहाजांच्या जुन्या नोंदी बहुतांशी जहाजानुसार लावलेल्या आहेत. प्रत्येक ब्रिटिश जहाजाला नोंदणीच्या वेळी एक कायमचा अधिकृत क्रमांक मिळे. जहाजाचे नाव बदलले, मालक बदलला, तरी हा क्रमांक बदलत नसे. एकाच नावाच्या दोन-तीन बोटी असणे ही नेहमीची गोष्ट असल्याने हा क्रमांक हाती असलेला बरा. ‘लॉइड्स रजिस्टर’च्या जहाजसूचीत तो मिळतो आणि १९३० ते १९४५ या काळातील खंड संगणकावर पाहता येतात.

बोट कोणती तेच ठाऊक नसेल, तर घरच्या आठवणींतून कंपनी, साल आणि समुद्र एवढे तरी निश्चित करावे. ब्रिटिश इंडिया, पी अँड ओ, एलरमन, क्लॅन, अँकर, सिंदिया अशी थोडी नावे पुढे ठेवली की घरातील वृद्धांना पुष्कळदा आठवते. सिंदियाच्या बोटींची नावे ‘जल’ शब्दाने सुरू होत, त्यामुळे ती लोकांच्या स्मरणात राहिली. ‘जलतरंग’ आणि ‘जलपालक’ या दोन बोटी जानेवारी १९४२ च्या अखेरीस, लागोपाठच्या दिवशी, बंगालच्या उपसागरात जपानी पाणबुडीने बुडवल्या. ‘जलबाला’ ऑक्टोबर १९४३ मध्ये ‘यू-५३२’ या जर्मन पाणबुडीला बळी पडली. जर्मन पाणबुड्यांनी बुडवलेल्या जहाजांची तारीख, ठिकाण, माल आणि बोटीवरील काही माणसांची माहिती ‘यूबोट डॉट नेट’ या संकेतस्थळावर एकत्र केलेली आहे. आरंभासाठी ते चांगले. मूळ कागदाची जागा ते घेऊ शकत नाही.

मूळ कागद लंडनजवळच्या केव येथील ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांतील ‘बीटी ३८१’ या मालिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील खलाशी-करार व याद्या जहाजाच्या अधिकृत क्रमांकानुसार ठेवल्या आहेत. ‘बीटी ३८९’ मध्ये जहाजांच्या हालचालींची कार्डे आहेत. बोट कोणत्या बंदरातून कधी निघाली आणि अखेर तिचे काय झाले, हे त्यांवरून कळते. ‘बीटी ३७३’ मध्ये जहाजे बुडाल्याची वा पकडली गेल्याची परिस्थिती आणि कैद्यांविषयीची कागदपत्रे आहेत. अभिलेखागाराची सूची घरबसल्या पाहता येते. यादीचे पान मात्र प्रत्यक्ष जाऊन किंवा शुल्क भरून प्रत मागवूनच पाहावे लागते.

येथे एक खाचखळगा आहे आणि पुष्कळजण त्यात अडकतात. भारतीय खलाशांचे करार ब्रिटिश खलाशांच्या करारांहून वेगळे असत. ते मुंबईत वा कलकत्त्यात होत, दीर्घ मुदतीचे असत आणि कंपनी त्या माणसांना आपल्या एका जहाजावरून दुसऱ्यावर पाठवू शके. म्हणून एका बोटीच्या मुख्य करारात कप्तानापासून चौथ्या इंजिनियरपर्यंत सर्व गोरे अधिकारी नावागावासह सापडतात आणि भारतीयांची यादी वेगळ्या कागदावर असते. मुख्य यादीत नाव नाही, म्हणजे माणूस बोटीवर नव्हता, असा निष्कर्ष काढू नये. तसेच घरी ठाऊक असलेली बोट आणि मृत्यूच्या वेळची बोट या दोन निराळ्या असू शकतात.

यादीतील ‘कार्यमुक्ती’चा रकानाही जपून वाचावा. १८९४ च्या ब्रिटिश कायद्याप्रमाणे जहाज बुडाले की नोकरी संपे आणि वेतनही तेथेच थांबे. १९२५ च्या कायद्याने दोन महिन्यांपर्यंतच्या भरपाईची तरतूद झाली. त्यामुळे या रकान्यात पुष्कळदा बोट बुडाल्याचीच तारीख दिसते. वाचलेल्या माणसापुढेही तीच तारीख असू शकते. ती मृत्यूची तारीख नव्हे.

अधिकाऱ्यांचा माग सोपा का?

कप्तान, मालीम आणि इंजिनियर यांच्याजवळ परीक्षेची प्रमाणपत्रे असत. त्यांच्या प्रती सरकारदरबारी राहिल्या; १९२७ पर्यंतच्या प्रमाणपत्रांचा मोठा संग्रह ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहे. विमा व्यवसायाला कप्तान कसा आहे हे कळणे आवश्यक असल्याने लॉइड्सने कप्तानांची स्वतंत्र नोंदवही ठेवली होती. शौर्यपदके ‘लंडन गॅझेट’मध्ये छापली जात. बोट बुडाल्यावर नौदलाचे अधिकारी वाचलेल्यांची जबानी घेत. हे अहवाल केवच्या ‘एडीएम १९९’ मालिकेत आहेत. जबानी घेतली जाई ती बहुधा कप्तानाची किंवा त्याच्यानंतरच्या अधिकाऱ्याची. तिच्यात बोट किती वाजता, कोणत्या बाजूने फुटली, किती होड्या पाण्यात उतरल्या हे बारकाईने असते. खलाशी येतात ते बहुतेक संख्येच्या रूपात.

भारतीय अधिकारी त्या काळी थोडे होते. माझगावजवळ नांगरलेल्या ‘डफरिन’ या शिक्षणनौकेवर १९२७ पासून भारतीय तरुणांना अधिकारीपदाचे शिक्षण मिळू लागले. पहिल्या तुकड्यांतील मुलांना ब्रिटिश कंपन्यांची दारे सहजासहजी उघडली नाहीत. सिंदियासारख्या स्वदेशी कंपनीचा त्यांना मोठा आधार झाला.

हा फरक पहिल्या महायुद्धातील ‘पर्शिया’ बोटीच्या उदाहरणात ठळकपणे दिसतो. लंडनहून मुंबईकडे येणारी पी अँड ओ ची ही बोट ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीटजवळ जर्मन पाणबुडीने इशारा न देता बुडवली. काही मिनिटांत ती तळाला गेली आणि तीनशेहून अधिक माणसे मेली. तिच्याविषयी विपुल लिहिले गेले आहे. लॉर्ड माँटेग्यू कसे वाचले, रोल्स रॉइसच्या मोटारीवरील मूर्तीसाठी जिचा चेहरा घेतला असे मानतात ती एलिनॉर थॉर्न्टन कशी बुडाली, कपूरथळ्याच्या महाराजांचे जडजवाहीर कसे गेले, हे सर्व वाचायला मिळते. बोट चालवणारे मोठ्या संख्येने गोव्याचे आणि हिंदुस्थानचे खलाशी होते, ही गोष्ट त्या कथनात एखाद्या वाक्यापुरती येते. १७ सप्टेंबर १९४० रोजी बुडालेल्या ‘सिटी ऑफ बनारस’ची कथाही तशीच. इंग्लंडहून कॅनडाला पाठवलेल्या ९० मुलांपैकी ७७ मुले त्या रात्री दगावली आणि सारे जग हळहळले. त्याच बोटीवर दीडशेहून अधिक भारतीय खलाशी होते. आठ दिवस अटलांटिकमध्ये भरकटून वाचलेल्या प्रसिद्ध होडीत सहा मुलगे होते. होडीतील बहुसंख्य माणसे भारतीय खलाशी होती.

स्मारके लंडनमध्ये आणि मसजिद बंदरात

ज्यांना समुद्राखेरीज थडगे नाही अशा ब्रिटिश व्यापारी खलाशांचे स्मारक लंडनच्या टॉवर हिलवर आहे. पहिल्या महायुद्धाच्या स्मारकाचा आराखडा नवी दिल्ली घडवणाऱ्या लुट्येन्स यांचा. दुसऱ्या महायुद्धाचा भाग १९५५ मध्ये खुला झाला. सुमारे ३६ हजार नावे तेथे जहाजवार कोरली आहेत. बोटीचे नाव, खाली कप्तान, मग बाकीचे. भारतीय खलाशांची नावे तेथे शोधण्यात वेळ घालवू नये.

ती मुंबईत आहेत. मसजिद बंदर परिसरातील पी. डि’मेलो मार्गावर, म्हणजे जुन्या फ्रिअर रोडला लागून, इंडियन सेलर्स होम ही खलाशांच्या निवासाची संस्था आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रात मरण पावलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक याच वास्तूत आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी दगडाऐवजी एक नामपुस्तिका करण्यात आली. तिची एक प्रत मुंबईत आणि तशीच दुसरी चितगावला. तत्कालीन शाही भारतीय नौदलाचे सुमारे ४०० आणि व्यापारी जहाजांवरचे सुमारे सहा हजार लोक तिच्यात आहेत. रोज लोकलने मसजिद स्थानक ओलांडणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना हे ठाऊक असेल.

या नोंदी राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात. नाव, हुद्दा, बोट, तारीख आणि कुटुंबाने कळवले असेल तर पित्याचे वा पत्नीचे नाव व गाव. नावाने काही मिळाले नाही तर बोट बुडाल्याची तारीख टाकावी आणि त्या दिवशीची सर्व नावे वाचावीत. अनुभवी शोधकर्ते हीच वाट धरतात. नावांचे इंग्रजी रूप कमालीचे अस्थिर आहे. गोव्याचा डिसोझा पाच तऱ्हांनी लिहिलेला असतो. कोकणी मुसलमान खलाशाचे आडनाव गळून त्याचे व वडिलांचे नाव तेवढे उरते. हिंदू खलाशाचेही तेच. परकर, मुकादम, तांडेल अशी आडनावे घरी चालत असली, तरी कराराच्या कागदावर ती असतीलच असे नाही.

गावाचा पत्ता वाचताना त्या काळचा नकाशा समोर ठेवावा. १९४२ मधील ‘रत्नागिरी जिल्हा’ आजच्याहून मोठा होता. मालवण, देवगड, वेंगुर्ले त्यातच होते. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. रायगडचे नाव तेव्हा कुलाबा. सावंतवाडी आणि जंजिरा ही संस्थाने. गोव्याची माणसे पोर्तुगीज प्रजा असली, तरी त्यांची नोंद भारतीय व्यापारी नौदलातच मिळते. गोवेकरांना आणखी एक आधार आहे. धोबी तलाव आणि आसपासच्या भागांत प्रत्येक गावाची ‘कूड’ असे. बोटीची वाट पाहणारे खलाशी तेथे उतरत. गावच्या चर्चची नोंदवही आणि कुडीची सभासदवही यांत जन्म, लग्न आणि वर्गणी थांबल्याचे साल सापडू शकते.

कैदी आणि न्यायालये

सर्वच माणसे पाण्यात गेली नाहीत. जर्मन हल्लेखोर जहाजांनी पकडलेले खलाशी अखेर ब्रेमेनजवळच्या ‘मिलाग नॉर्ड’ या छावणीत ठेवले जात. तेथे भारतीयही होते. पहिल्या महायुद्धातील कैद्यांची कार्डे जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने संगणकावर खुली केली आहेत.

‘बिहार’ बोटीचा प्रसंग या सर्वांत दारुण. ऑस्ट्रेलियाहून मुंबईकडे येणारी ही ब्रिटिश बोट ९ मार्च १९४४ रोजी ‘टोने’ या जपानी क्रूझरने बुडवली. शंभरावर माणसे जिवंत उचलली गेली. त्यांपैकी काहींना बटेव्हियाला उतरवण्यात आले आणि उरलेल्या सत्तरच्या आसपास जणांना, त्यांत भारतीय खलाशीही होते, काही दिवसांनी समुद्रावरच ठार करण्यात आले. हाँगकाँगमध्ये १९४७ मध्ये त्यावर खटला चालला. अ‍ॅडमिरल साकोंजू यांना फाशी झाली, तर क्रूझरचे कप्तान मायुझुमी यांना सात वर्षांची कैद. हाँगकाँग विद्यापीठाने अशा युद्धगुन्हे खटल्यांची माहिती एकत्र करून खुली केली आहे. जहाजाची कागदपत्रे अपुरी पडतात तेथे खटल्यातील साक्षी उपयोगी पडतात, याचे हे उदाहरण.

नाव नसेल तर

आयोगाच्या यादीत व्यापारी खलाशाचे नाव येण्यासाठी मृत्यू शत्रूच्या कृत्यामुळे झालेला असणे आवश्यक असते. बोटीवर तापाने किंवा बंदरातील अपघाताने मेलेला माणूस तिच्यात सापडणार नाही. त्याच्यासाठी कराराची यादीच पाहावी. मात्र पात्र असूनही वगळली गेलेली नावे आहेत. आशिया व आफ्रिकेतील मृतांच्या स्मरणात पूर्वी विषमता झाली, हे आयोगाने नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ च्या अहवालात नमूद केले आणि आयोगाने त्याबद्दल क्षमा मागितली. नाव नव्याने घालण्यासाठी किंवा चुकलेले दुरुस्त करण्यासाठी कुटुंबाला अर्ज करता येतो.

अर्जाबरोबर पुरावा लागतो. म्हणून घरातील पेटी उघडताना खलाशाचे सीडीसी पुस्तक, बोटीच्या शिक्क्याचे पत्र, कंपनीची वा शिपिंग ऑफिसची तार, विधवेला मिळालेल्या निवृत्तिवेतनाचा कागद आणि मनीऑर्डरच्या पावत्या वेगळ्या काढाव्यात. मोडीत किंवा उर्दूत लिहिलेली चिठ्ठी असेल तर ती जाणकाराकडून वाचून घ्यावी. कागद लॅमिनेट करू नयेत, त्याने शाई व कागद दोन्ही बिघडतात. दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढावीत. शिक्का आणि क्रमांक बहुधा मागच्याच बाजूला असतो.